मागचं फाटक

“मॅडम, चावी ज्यांच्याकडं हाय त्यांना बोलवता का जरा?” आबा मला म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. सोसायटीच्या पुढच्या फाटकाबाहेर ते उभे होते. खांद्यावर तिरडीचा बांबू होता आणि तिरडीवर माझे थोरले चुलते, गेनूनाना. फाटकाच्या आत मी, कडेवर माझा ईशान. मध्ये लोखंडी गज. लहानपणापासून आबांनी मला ‘कांचे’ अशी हाक मारलेली, रागावले तर ‘कांचन’. ‘मॅडम’ हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी आला नव्हता.

मला वाटलं, उन्हानं ओळखलं नसेल. मी पुढे सरकले. त्यांनी नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे नेली.

त्यांच्या शेजारी विलास, नानांचा मुलगा, हातात विस्तवाचं मडकं घेऊन उभा होता. गेल्याच आठवड्यात तो माझ्या घरी जेवून गेला होता. तोही माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. मागे सगळं गाव होतं. आमच्या घराला घर लागून असलेले पांडूतात्या, ज्यांच्या बैलगाडीत मी शाळेपर्यंत जायची, ते म्हणाले, “बाई, लेकराला सावलीत न्या. ऊन लागंल त्याला.”

बाई!

पहाटेच तर मी यांच्यात बसून रडले होते.

आमचं करंजवडे पुण्याच्या पश्चिमेला, हायवे ओलांडून आत. मी नववीत असताना तिथे मोजणीवाले आले आणि भाताच्या खाचरांत लाल-पांढऱ्या काठ्या रोवून गेले. कंपन्या येणार असं कळलं. गावाला कंपनी म्हणजे चिमणी, धूर आणि भोंगा एवढं ठाऊक. इथे चिमणी काही उभी राहीना. नाना रोज सकाळी जाऊन बघून यायचे. “नुसतं काचंचं घर बांधलंय,” असं सांगायचे. “आत माणसं जातात, संध्याकाळी बाहेर येतात. माल निघत नाही, धूर निघत नाही. करतात काय आत?”

मी शिकावं हा हट्ट नानांचाच. आबा बारावीनंतर लग्न बघायला लागले होते. नानांनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला आणि मला स्वतःच्या एम-एटी दुचाकीवर बसवून कॉलेजात नेऊन घातलं. पुढे मी त्याच काचेच्या घरात नोकरीला लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी नाना वेशीवर वाट बघत उभे. “आता तरी सांग, काय बनवता?”

मी सांगितलं, “अमेरिकेतल्या विमा कंपनीचं काम आहे, नाना. तिकडे कुणी गेलं की त्याच्या घरच्यांना पैसे मिळतात, ते बरोबर मिळतात का हे आम्ही तपासतो.”

नाना म्हणाले, “म्हणजे तिकडं मेलेलं इकडं तुला कळणार. लई लांबचं सुतक धरलंस गं पोरी.”

तोवर गाव ओळखू येईना झालं होतं. खाचरांच्या जागी चौपदरी रस्ते, रस्त्याच्या कडेला पोह्याच्या आणि अंडाभुर्जीच्या गाड्या, सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. गावठाणात प्रत्येक घरावर मजले चढले आणि खोल्याखोल्यांत परप्रांतातली पोरं भाड्यानं राहू लागली. सगळं आलं, नळाचं पाणी तेवढं आलं नाही. आबांनी राहिलेल्या विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि टँकर घेतले. नदीकडच्या अंगाला पाच टॉवरांची सोसायटी झाली, तिलाही आबांचंच पाणी जायचं. सोसायटीचं नाव इंग्रजीत होतं, त्यात नदी होती आणि कुरणही होतं. सी विंग उभी राहिली ती नानांच्या खाचरावर. लग्नानंतर मी आणि पराग, माझा नवरा, तिथेच सातव्या मजल्यावर राहायला गेलो. नाना एकदा घर बघायला आले तेव्हा बाल्कनीतून वाकून म्हणाले, “ते निळं डबकं केलंय ना पोहायला, तिथंच आपली विहीर होती. विहिरीत पोहायला मात्र कुणाला टोपी लागत नव्हती.”

गावाची नदीवर जायची वाट या सोसायटीच्या मधून होती. पूर्वी ती पाणंद होती, दोन्ही बाजूंना निवडुंग. नदीकाठी स्मशान. जमीन देताना नानांनी बिल्डरला एवढंच सांगितलं होतं की आमचं मढं अडवू नका, आणि बिल्डरनं नानांचा हात हातात घेऊन कबूल केलं होतं. म्हणून नदीच्या बाजूला सोसायटीला मागचं फाटक ठेवलेलं. सुरुवातीला गावात कुणी गेलं की अंत्ययात्रा पुढच्या फाटकातून येऊन, आतल्या रस्त्यानं, मागच्या फाटकातून नदीवर जायची. मग लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. मुलं घाबरतात. रस्त्यावर लाह्या आणि गुलाल पडतो. ईशानच्या बारशाला मी सासरी अमरावतीला गेले आणि उन्हाळाभर तिथेच राहिले, तेवढ्यात सोसायटीची सभा झाली आणि मागच्या फाटकाला कुलूप लागलं. परत आल्यावर मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “बघू की. येळ आली की बोलू त्यांच्याशी. माणसंच हायेत.”

ती वेळ नानांच्याच जाण्यानं आली. रविवार होता. पहाटे झोपेतच नाना गेले. पराग तेव्हा कंपनीच्या कामानं परदेशी होता. ईशानला शेजारच्या आंटींकडे ठेवून मी गावात धावले. नानांना आंघोळ घालेपर्यंत मी तिथेच होते. मग आंटींचा फोन आला की बाळ काही केल्या राहत नाही. आमच्यात बायका नदीवर जातही नाहीत. नानांच्या पायावर डोकं ठेवून मी परत आले. बाळाला अंगावर पाजतच होते तोवर खालून “राम बोला भाई राम” ऐकू आलं, आणि मग ते एकदम थांबलं.

त्या थांबण्यानंच मी खाली धावले होते.

अंत्ययात्रा बघून पुढचं फाटकही कुलूप घालून बंद केलं होतं. त्याच्या आतल्या अंगाला पंधरा-वीस लोक जमले होते. काही क्रिकेट खेळताखेळता आलेले, हातात बॅट तशीच. पुढे निमकर होते, सोसायटीचे अध्यक्ष. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वागायला सभ्य माणूस. गणपतीत आरती त्यांच्याशिवाय सुरू व्हायची नाही. घाबरलेले होते. हातातला रुमाल पुन्हा पुन्हा कपाळावर फिरवत होते.

“देशमाने मॅडम, बरं झालं तुम्ही आलात,” ते मला म्हणाले. देशमाने हे माझं सासरचं नाव. “इथे अर्धे लोक हिंदीत बोलतायत, त्यानं त्यांचा पारा आणखी चढतोय. तुम्ही नीट मराठीत समजावून सांगा. मागच्या फाटकाची चावी मॅनेजरकडे आहे आणि तो सुट्टीवर आहे. हायवेवरून गेलं की दुसरं स्मशान आहे, तिकडे जा म्हणावं. अँब्युलन्स आपण मागवतो. खर्च सोसायटी करेल.”

मला काही बोलायची गरज पडली नाही. आबांनी ऐकलं होतं.

“साहेब,” ते शांतपणे म्हणाले, “माझ्या भावाला गाडी लागायची. यष्टीत बसला की वकायचा. जन्मभर दुचाकीवर नाहीतर पायी फिरला. आज त्याला गाडीत नका घालू.”

निमकरांच्या मागून कुणीतरी इंग्रजीत म्हणालं की हे इमोशनल ब्लॅकमेल आहे. दुसरा म्हणाला, पोलिसांना फोन केलाय. दोघा-तिघांनी मोबाईल वर धरले.

ते बघून बाहेरची तरुण पोरं खवळली. “टँकर बंद करा रं यांचे!” एक ओरडला. “आजपास्नं थेंब नगं. बघू किती दिवस काढतात!”

आबांनी मान वळवली. खांद्यावर भावाचं प्रेत होतं, आवाज चढवला नाही. “पाणी बंद व्हायचं नाही,” ते म्हणाले. “आत ल्हान लेकरं हायेत.”

हे म्हणताना त्यांची नजर क्षणभर माझ्या कडेवरच्या ईशानवर आली आणि लगेच दुसरीकडे गेली. ईशाननं आजोबांना ओळखलं होतं. तो गजांमधून हात बाहेर काढून झेपावत होता. मी त्याला आवळून धरलं.

आबांच्या नजरेतलं मला काही कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझ्या बापानं मला टाकलं. कुलूप लावणाऱ्यांमध्ये मी राहते, म्हणून मीही त्यांच्यातलीच. गावानं भावकीतून काढावं तसं मला सगळ्यांनी मिळून काढून टाकलंय. आणि नाना मध्ये आडवे, तोंडावर ऊन घेऊन.

बांबूखालचे खांदे बदलले गेले. आबांनी आपला खांदा सोडला नाही. वेळ जात होता, विलास विस्तवावर फुंकर घालत होता, निखारे राखेखाली जायला लागले होते. तेवढ्यात गर्दीतून एकजण पहार घेऊन पुढे आला. आमच्याच भावकीतला, रमेश. तो फाटकाच्या कुलपाजवळ गेला. आतली माणसं मागे सरकली. फक्त गजानन, हिंगोलीकडून आलेला वॉचमन, जागचा हलला नाही. हातात काठी होती, पण ती खाली टेकवलेली.

“रमेश, पहार टाक,” आबा म्हणाले.

“काका, तुम्ही गप ऱ्हावा आता.”

“टाक म्हनतो ना. गुन्हा दाखल हुईल. नानाच्या मातीला पोरं तुरुंगात घालवू का मी?”

रमेश ऐकेना. त्यानं पहार कुलपात अडकवली. मोबाईल धरलेला एकजण त्याच्या चेहऱ्यासमोर मोबाईल नेऊ लागला. रमेशनं डोळे वर केले आणि त्या डोळ्यांत जे होतं ते बघून मला वाटलं, ही पहार आता कुलपावर पडणार नाही.

“आबा!” मी ओरडले.

सगळे थांबले. रमेशसुद्धा. पहिल्यांदाच आबांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ते घाईघाईनं म्हणाले, “मॅडम, तुमची कायतरी चुकामूक झाली. तुम्ही आत जा.”

“आबा, बास झालं.”

“मी न्हाई वळखत तुम्हाला.”

ते एवढ्या कळवळून म्हणाले की माझे डोळे भरून आले. पण मी थांबले नाही. निमकरांकडे वळले.

“काका, हे माझे वडील. तिरडीवर आहेत ते माझे चुलते. त्यांनी मला शिकवलं. आपण राहतो ती सी विंग त्यांच्या खाचरात उभी आहे. यांना मी हायवेवरून जा म्हणून सांगणार नाही. तुम्ही म्हणताय तर तुम्ही सांगा.”

मोबाईल एकेक करून खाली आले, एक सोडून. माझ्याच मजल्यावर राहणारी एक बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती, जणू मी आताच कुठून तरी आत शिरले होते.

निमकरांनी रुमाल खिशात ठेवला. “तुम्ही करंजवड्याच्या?”

“हो.”

“कधी वाटलं नाही.” मग ते पुटपुटले, “चावी माझ्या घरी आहे.” मान खाली घालून ते बी विंगकडे चालू लागले.

गजाननानं कुणाला न विचारता पुढचं फाटक उघडलं.

आतल्या रस्त्यानं यात्रा निघाली. क्लब हाऊस, मुलांची घसरगुंडी, ते निळं पाणी. बाल्कन्यांमधून लोक बघत होते. काहींनी हात जोडले, काहींनी मुलांना आत ओढलं आणि काचा लावून घेतल्या. मी ईशानला घेऊन मागून चालत होते. बायकांनी जायचं नसतं हे मला ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं, पण मला कुणी अडवलं नाही. मागच्या फाटकापाशी निमकर चावी घेऊन उभे होते. कुलूप गंजलं होतं. त्यांना चावी फिरवता येईना, म्हणून शेवटी विलासनं मडकं खाली ठेवून ते उघडलं.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “हितनं माघारी जा.”

“मला मॅडम का म्हणालात?”

नानांना घेऊन ते उतारावरून नदीकडे गेले.

दहाव्यापर्यंत आबा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मी रोज गावात जायची. मी ओसरीवर बसले की ते उठून विहिरीकडे जायचे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, माणसं पांगली, आणि मी माजघरात थोरल्या आईजवळ जाऊन बसले. थोरली आई म्हणजे नानांची बायको. पांढरं कपाळ घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती. मला राहवलं नाही.

“थोरले आई, आबांनी मला टाकलं का गं?”

“का?”

“फाटकावर मला मॅडम म्हणाले. ओळखत नाही म्हणाले. विलासनं, पांडूतात्यांनी, कुणीच ओळख दिली नाही.”

थोरल्या आईचे सुजलेले डोळे आणखी बारीक झाले.

“तुला कुणी सांगितलंच न्हाई व्हय? तिरडी उचलायच्या आधी तुझा बाप अंगणात हात जोडून उभा राहिला सगळ्यांपुढं. म्हनला, फाटकावर बोलाचाली हुईल, शिवीगाळ हुईल. आत आपली कांची हाय. ती दिसली तरी कुणी हाक मारायची न्हाई, कुणी वळख दाखवायची न्हाई. आपुन भांडून घरला येऊ, पर तिला त्याच माणसांत ऱ्हायचंय. उद्या तिच्या लेकराला कुणी खेळायला घेनार न्हाई. रमेश तापट, त्याच्याकडनं तर माझ्या धन्याच्या पायाची आण घेतली.” ती थांबली. “अख्ख्या गावानं तुझ्यासाठी तोंड शिवलं हुतं, बाय.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

आबांना ज्याची भीती होती ते पुढे एकेक करून झालं. मोठं काही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मला कुणी उत्तर देईना. टँकर उशिरा आला की लोक लिफ्टमध्ये मला म्हणायचे, “तुमच्या लोकांना सांगा जरा.” त्या सकाळचं चित्रण कुणीतरी पसरवलं, त्यात मी ओरडताना दिसते आणि आवाज काढून टाकलेला आहे. ईशान चालायला लागला तेव्हा त्याच्या वाढदिवसाला आंटी आल्या, निमकर आले, बाकी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. निमकरांनी पुढच्या सभेत मागच्या फाटकाचा विषय काढला आणि मतदानात ते हरले. त्यांनी अध्यक्षपद सोडलं. फाटकाच्या जागी भिंत झाली. गावानं कोर्टात जायचं ठरवलं होतं, पण तोवर हायवेच्या बाजूच्या त्या स्मशानात नवी शेड झाली आणि माणसं तिकडे जाऊ लागली, गाडीनं. त्या वाटेनं नदीवर गेलेले शेवटचे नानाच.

पुढच्या वर्षी आम्ही फ्लॅट विकला आणि पुण्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. निघायच्या आदल्या दुपारी मी आबांना भेटायला विहिरीवर गेले. टँकर भरत होता. आबा आता बोलायचे माझ्याशी, पण पाण्याचं, पावसाचं, ईशानच्या दातांचं. त्या दिवसाचं कधीच नाही.

“आबा, थोरल्या आईनं मला सांगितलं होतं,” मी म्हणाले. “दहाव्यालाच.”

त्यांनी पाइप सरळ केला. “मला म्हाइत हाय.”

“मग इतके दिवस राग कशाचा?”

“येवढं गाव गप केलं हुतं मी, कांचे,” ते म्हणाले. “पोरांच्या अंगात आग हुती. एकेकाला हातापाया पडून गप केलं. आनि तू दोन शब्दांत सगळं उधळलंस. आता चाललीस घर इकून.”

“मग मी काय करायला हवं होतं? रमेशनं त्या माणसाला मारलं असतं. तुम्ही बघितलं होतं त्याला.”

आबा टँकरच्या तोंडाशी पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. टाकी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी त्यांनी मोटर बंद केली नाही. मीच जाऊन बटण दाबलं. मोटर थांबल्यावर सगळीकडे एकदम शांत झालं.

“तू बोलायलाच पायजे हुतं,” आबा म्हणाले. “तुझ्या जागी मी असतो तर मीबी बोललो असतो.”

मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले,

“पर त्या फाटकावर मी देवाला येकच मागत हुतो. माझी पोर गप ऱ्हाऊ दे.”